कोड खुला करायचा की नाही? ‘पब्लिक’चं बटण दाबण्याआधीची कामं

गिटहब या कोड ठेवायच्या साईटवरची रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचं फोल्डर, प्रायव्हेटची पब्लिक करायला मिनिटभरही लागत नाही. पुन्हा प्रायव्हेट करणंही तेवढंच सोपं आहे. पण मधल्या काळात ज्यांनी कोड उतरवून घेतला, त्यांच्याकडून तो परत मागता येत नाही, आणि सोबत ओपन सोर्स लायसन्स, म्हणजे वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची लेखी परवानगी, दिलं असेल तर वापरण्याचा हक्कही काढून घेता येत नाही. पुढच्या आवृत्त्या बंद ठेवता येतात, दिलेली आवृत्ती दिली ती दिलीच. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या साधनाचं खुलं लायसन्स बदललं, तेव्हा जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू उभं राहिलं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बदललं आणि काही दिवसांतच ७.२.४ या आवृत्तीवरून वॅलकी निघालं. म्हणून सगळा विचार आधी करायचा असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, तिघांच्या टीमने दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. सकाळ-संध्याकाळ उत्पादकाचं दूध काट्यावर येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) सांगतं, दरपत्रकातून लिटरचा भाव निघतो, आणि दहा दिवसांनी पशुखाद्याची उचल कापून बिल छापलं जातं. चार वर्षांचं काम आहे, चाळीस संस्थांत चालू आहे. आता टीमच्या मनात आलं आहे की हे ओपन सोर्स करावं.

आधी कारण लिहून काढा

एका वाक्यात, कागदावर. ‘आम्ही हा कोड खुला करतोय, कारण…’ तिघांनी वेगवेगळं लिहा आणि मग ताडून बघा. तीन वेगळी वाक्यं निघाली तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

टिकणारी कारणं थोडी आहेत. ग्राहकाला भीती असते की विक्रेता उद्या धंदा सोडून गेला तर आपल्या हिशोबाचं काय. खुला कोड ती भीती कमी करतो. किंवा कमाई कोडवर नाहीच, बसवून देण्यावर आणि सेवेवर आहे. किंवा प्रत्येक जण तेच तेच पुन्हा लिहितो आहे आणि एकत्र लिहिलं तर सगळ्यांचं काम वाचेल. किंवा तुम्ही प्रकल्प सोडणार आहात आणि तो मरू नये असं वाटतं. हे शेवटचं कारणही प्रामाणिक आहे, फक्त ‘आम्ही सांभाळणार नाही’ हे रीडमीच्या (कोडसोबतच्या माहितीच्या फाईलच्या) पहिल्या ओळीत लिहा.

‘जगभरचे लोक येऊन फुकट फीचर्स लिहून देतील’ हे कारण मात्र खोडून टाका. बहुतेक लहान प्रकल्पांना पहिले कित्येक महिने बाहेरून एकही मोठा बदल येत नाही. येतात ते प्रश्न: इन्स्टॉल होत नाही, आमच्या मशीनला जोडता येईल का, तमिळमध्ये कधी देणार.

कोड तुमचा आहे का?

सर्वात जास्त घोळ इथे होतो, कारण लिहिणाऱ्याला वाटतं, मी लिहिलं म्हणजे माझं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. रात्री घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडबद्दल नेमणूकपत्र काय म्हणतं ते शब्दन् शब्द वाचा. नोकरीच्या काळात केलेलं, कामाशी संबंधित असो वा नसो, सगळं कंपनीचं, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं.

फ्रीलान्स कामात उलट असतं. तिथे पहिली मालकी सहसा लिहिणाऱ्याची, आणि ती ग्राहकाकडे जायला लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यातही कलम १९ ची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. म्हणजे पैसे पूर्ण मिळाले, काम संपलं, तरी कोड नेमका कोणाचा हे कराराच्या दोन ओळींवर ठरतं. आपल्या उदाहरणात एखाद्या तालुका संघाने पैसे देऊन एक मॉड्यूल करून घेतलं असेल, तर त्याचा कार्यादेश शोधून काढा. कॉलेजच्या प्रकल्पातून कोड आला असेल तर कॉलेजचे बौद्धिक संपदेचे नियम वाचा.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटच्या शॉर्टलॉग कमांडने आजवर कोड टाकणाऱ्या प्रत्येकाची नावानिशी यादी निघते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे लिहा: नोकर, भागीदार, फ्रीलान्सर, इंटर्न, मित्र. ज्यांच्याबाबत कागद नाही त्यांच्याकडून आजच ना-हरकत घ्या. त्यात चार गोष्टी पुरतात: प्रकल्पाचं नाव, कोणत्या तारखेपर्यंतचा कोड, कोणत्या लायसन्सखाली खुला होणार, आणि सही करणाऱ्याला तो अधिकार कसा आहे. ‘माझी काही हरकत नाही रे’ असा फोनवरचा निरोप तीन वर्षांनी कामाला येत नाही. नोकरी देणाऱ्याशी किंवा ग्राहकाशी मालकीवरून दुमत असेल तर इथेच थांबून वकील गाठा.

आत दुसऱ्यांचं काय काय आहे?

आता लायब्रऱ्यांची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडची, यादी करा. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, आणि सगळ्या फाईली चाळायच्या असतील तर स्कॅनकोड ही साधनं फुकट मिळतात. निघालेल्या यादीचे तीन ढीग करा. एमआयटी, बीएसडी, अपाची हा पहिला. यांची कॉपीराइटची सूचना जपली की झालं. जीपीएल, एजीपीएल, एलजीपीएल हा दुसरा. ही लायसन्सं कमीजास्त प्रमाणात कोड पुढे देताना तो त्याच अटींवर खुला ठेवायला लावतात, त्यामुळे तुमच्या लायसन्सची निवड आवळली जाते. बंद किंवा लायसन्सच न सापडलेलं हा तिसरा, आणि खरं काम याच ढिगात असतं.

बिल पीडीएफ करायला आयटेक्स्ट वापरलं असेल तर नीट बघा. पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएलखाली आहे, नाहीतर पैसे देऊन व्यावसायिक लायसन्स घ्यावं लागतं. म्हणजे बंद सॉफ्टवेअरमध्ये ते तसंच घालून विकत असाल तर आजही अट मोडता आहात, कोड खुला करा किंवा नका करू. जुन्या आयटेक्स्टवरून निघालेलं ओपनपीडीएफ हा त्यावरचा नेहमीचा उतारा. तसंच पायथनमध्ये खिडक्या बनवायच्या पायक्यूटीचं: ते जीपीएल किंवा विकतचं, तर त्याच कामाचं पायसाइड एलजीपीएल. कोड एमआयटीखाली द्यायचा बेत असेल आणि खिडक्या पायक्यूटीवर उभ्या असतील, तर पूर्ण प्रोग्रॅम वाटताना जीपीएलच्या अटी लागू होतात.

काट्याच्या किंवा फॅट मशीनच्या कंपनीने दिलेली डीएलएल (मशीनशी बोलणाऱ्या तयार कोडची फाईल) तुम्हाला वाटता येत नाही. ती रेपोतून काढा, आणि वापरणाऱ्याने स्वतः आणून कुठे ठेवायची ते रीडमीत सांगा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साईटवरून उचललेला कोड क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसएखाली असतो, म्हणजे लेखकाचं नाव द्यावं लागतं आणि बदललेलं त्याच अटींवर वाटावं लागतं. दहा-वीस ओळींचे तुकडे तसेच्या तसे सापडले तर ते नव्याने लिहिणं हाच सोपा मार्ग.

मराठी सॉफ्टवेअरात फॉन्ट हमखास विसरले जातात. विंडोजबरोबर येणारा मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो तुमच्या इन्स्टॉलरमध्ये भरता येत नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. तो सोबत देता येतो, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही आणि लायसन्सची फाईल बरोबर ठेवावी लागते.

इतिहासात काय पुरलेलं आहे?

फाईल आज डिलीट केली म्हणजे ती गेली असं नाही. गिट जुनं सगळं जपतं. दोन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पडलेला पासवर्ड रेपो क्लोन करणाऱ्या, म्हणजे तिची प्रत उतरवणाऱ्या, प्रत्येकाला दिसतो. म्हणून तपास पूर्ण इतिहासाचा करायचा. क्रम असा:

१. रेपोची मिरर प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि काम तिच्यावरच करा.

२. गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग हे गुपितं शोधणारं साधन संपूर्ण इतिहासावर चालवा. एसएमएस गेटवेची की (सेवेची गुप्त किल्ली), पेमेंट गेटवेची की, क्लाउडचे टोकन, फायरबेसची सर्व्हिस अकाउंट फाईल, अँड्रॉइड अ‍ॅप सही करायची कीस्टोअर फाईल आणि तिचा पासवर्ड, हे हमखास सापडतं.

३. सापडलेली प्रत्येक की आधी बदला, मग पुसा. नुसती पुसलेली जुनी की चालूच असते, आणि ती आधी कोणी पाहिली हे कळायला मार्ग नसतो.

४. माणसांची माहिती ही साधनं बहुधा पकडत नाहीत, ती स्वतः शोधा. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाईल, बारा आकडी आधार, आणि आयएफएससी: चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षरं किंवा आकडे. हे तीन साचे शोधले की कोणीतरी घाईत टाकलेला डेटाबेस डंप बाहेर येतो, ज्यात एका संस्थेच्या सगळ्या उत्पादकांची नावं आणि बँक खाती असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं भय सोडाच, ज्याने विश्वासाने खाते क्रमांक दिला त्याचं नाव असं चव्हाट्यावर जाता कामा नये.

५. स्क्रीनशॉट, लॉग फाईली आणि नमुना बिलांचे पीडीएफ डोळ्यांनी बघा. चित्रातला मोबाईल नंबर कुठलंही शोधसाधन सहजी सांगत नाही.

यानंतर दोन वाटा. गिट फिल्टर-रेपोने इतिहास धुऊन काढायचा, किंवा आजच्या स्वच्छ कोडचा एकच पहिला कमिट करून नवी रेपो उघडायची. आमचं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं. जुनी रेपो पब्लिक केली की तिच्यातले इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी-सूचना), पुल रिक्वेस्ट (बदलांचे प्रस्ताव) आणि आपोआप चालणाऱ्या अ‍ॅक्शन्सचे लॉगही उघडे होतात, आणि इतिहास धुतला तरी जुन्या पुल रिक्वेस्टमधून जुने कमिट मिळत राहू शकतात. ‘अमुक संस्थेच्या सचिवाने पुन्हा बिलात घोळ घातला’ असं इश्यूत कोणी लिहून ठेवलंय का हे चार वर्षांच्या ढिगातून शोधणं कठीण आहे. इतिहास गमावणं वाईट खरं, पण जुनी रेपो तुमच्याकडे राहतेच.

पोट कशावर चालतं?

चाळीस संस्था पैसे नेमके कशाचे देतात ते लिहा. बसवून देण्याचे, मशीन जोडण्याचे, दरपत्रक बदललं की त्याच रात्री ते भरून देण्याचे, आणि पहाटे साडेपाचला काटा कॉम्प्युटरशी बोलेना म्हणून आलेला फोन उचलण्याचे. हे सगळं कोड खुला झाल्यावरही तुमच्याकडेच राहतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर जीपीएल ३ खाली पूर्ण खुलं आहे, त्याखालचं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटीखाली आहे, आणि कंपनी होस्टिंग आणि सेवेवर कमावते. याउलट विकली जाणारी वस्तू म्हणजे कोडमधलं एखादं गणितच असेल, तर तेवढा भाग बाहेर ठेवा किंवा हा बेतच सोडा.

आता नको असलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या तालुक्यातला विक्रेता तुमचा कोड घेतो, नाव बदलतो आणि निम्म्या दरात विकतो. एमआयटी किंवा अपाचीखाली हे चालतं. त्याने आपले बदल बंद ठेवले तरी चालतं. जीपीएलखालीही विकता येतं, पण ज्याला विकलं त्याला बदलांसकट कोड आणि तेच हक्क द्यावे लागतात. ज्याला विकलं त्यालाच, साऱ्या जगाला नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. एजीपीएल त्यापुढे जाऊन म्हणतं की बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवून नेटवरून वापरायला दिलं तरी वापरणाऱ्याला कोड मिळाला पाहिजे. पण विकू नका असं यातलं एकही लायसन्स म्हणत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव बसत नाही, त्यामुळे ‘फक्त बिनव्यापारी वापरासाठी’ अशी अट घातली की ते ओपन सोर्स राहत नाही.

शेजारच्या विक्रेत्याचा हा प्रसंग पचणार नसेल तर उत्तर ‘नाही’ आहे, आणि त्यात कमीपणा नाही. कोड वाचू द्यायचा पण स्पर्धकाला विकू द्यायचा नाही असं हवं असेल तर बिझनेस सोर्स लायसन्ससारखी लायसन्सं आहेत. त्यात जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती खुली होते. फक्त त्याला ओपन सोर्स म्हणून खपवू नका.

अनुदानाच्या भरवशावरही निर्णय घेऊ नका. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेला फ्लॉस/फंड वर्षाला १० लाख डॉलर देतो, पण तो आधीच लोक वापरत असलेल्या प्रकल्पांसाठी आहे.

वेळ कोणाचा?

खुला करण्याआधीची साफसफाई तीस-चाळीस हजार ओळींच्या कोडला दोन माणसांचे दोन आठवडे खाते, असं धरून चाला. त्यानंतर आठवड्याला तीन-चार तास, निदान पहिले सहा महिने. हे तास कोणाच्या नावावर आहेत ते ठरवा. ‘सगळे मिळून बघू’ म्हणजे कोणीच बघत नाही. उत्तर शनिवारीच देणार असाल तर तसं रीडमीत लिहा. लोक थांबतात, त्यांना फक्त सांगावं लागतं.

दमलेला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, हा धोका असतो. एक्सझेड ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी प्रामुख्याने एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर होती. मदतीला आलेल्या एका खात्याने दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (चोरून शिरायची सोय) बसवलं. एसएसएचने दुरून केलेल्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं. म्हणून रिलीज काढायचा अधिकार ओळखीच्या दोघांकडेच ठेवा, दोघांच्याही खात्यांवर टू-फॅक्टर लावा, आणि मदतनीस मिळाला म्हणून घाईने चाव्या देऊ नका.

लायसन्स निवडताना

लायसन्सशिवाय पब्लिक केलेली रेपो ओपन सोर्स नव्हे. गिटहबच्या अटींनुसार इतरांना ती पाहता आणि तिथल्या तिथे फोर्क करता (आपल्या खात्यात प्रत काढता) येते, एवढंच. बाकी सगळे हक्क तुमच्याकडे राहतात, आणि जाणकार माणूस तो कोड वापरत नाही.

लहान लायब्ररी जास्तीत जास्त लोकांनी वापरावी असं वाटत असेल तर एमआयटी. तीच इच्छा असेल पण पेटंटचा प्रश्न येऊ शकत असेल, किंवा मोठ्या कंपन्या वापरतील असं दिसत असेल, तर अपाची २.०, कारण त्यात पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिली आहे. ते जीपीएल ३ बरोबर चालतं, नुसत्या जीपीएल २ बरोबर नाही. बदललेल्या फाईली खुल्या राहाव्यात पण शेजारी बंद कोड चालेल, तर एमपीएल २.०, बंगळूरुच्या ट्रिपल आयटीत सुरू झालेल्या मोसिप या डिजिटल ओळखीच्या प्रकल्पाने तेच घेतलं आहे. आपल्या दूध संस्थेच्या पूर्ण सॉफ्टवेअरला आम्ही जीपीएल ३ सुचवू, आणि ते सर्व्हरवरून चालवायचं असेल तर एजीपीएल.

लायसन्सचा मजकूर जसाच्या तसा ठेवा. स्वतःची एक ओळ वाढवली तरी ते वेगळं लायसन्स होतं आणि कंपन्यांचे वकील दूर पळतात. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर लायसन्सचं नाव ठरावीक पद्धतीने सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ घाला.

पुढे कधी लायसन्स बदलायचं किंवा कोणाला पैसे घेऊन वेगळं लायसन्स द्यायचं मनात असेल, तर बाहेरच्या पहिल्या योगदानाच्या आधीच योगदानकर्त्याचा करार तयार ठेवा. नंतर प्रत्येक जुन्या लेखकाची परवानगी लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मुख्य लायब्ररीचं लायसन्स जीपीएलवरून एलजीपीएलवर नेताना एकेका लेखकाला गाठावं लागलं होतं. असा काही बेत नसेल तर कमिटवर सही करून ‘हे माझं आहे, द्यायचा हक्क मला आहे’ असं सांगणारी डीसीओची साधी पद्धत पुरते, आणि नवखा माणूस तिला बिचकत नाही.

नाव वेगळं सांभाळा. ही लायसन्सं कोड देतात, ब्रँड देत नाहीत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे. सॉफ्टवेअरचा वर्ग ९. कोड घेणारा विक्रेता तुमचंच नाव लावून विकू लागला तर हाच कागद उपयोगी पडतो.

उघडण्याआधीची परीक्षा

एक कोरा लॅपटॉप घ्या आणि प्रकल्प माहीत नसलेल्या माणसाला फक्त रीडमी द्या. तीस मिनिटांत सॉफ्टवेअर चालू झालं पाहिजे. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका; जिथे तो अडेल ती ओळ दुरुस्त करा. दहापैकी आठ वेळा अडतो तो डेटाबेसच्या सेटिंगपाशी किंवा तुमच्याच मशीनवर असलेल्या एखाद्या फोल्डरच्या पत्त्यापाशी.

खोटा डेटा सोबत द्या: ५० उत्पादक, १० दिवस, दोन वेळा, म्हणजे १००० नोंदी. एवढ्यात पूर्ण बिल निघतं. मदत करू पाहणाऱ्याच्या घरी फॅट मशीन नसतं हेही लक्षात ठेवा. सिरीयल पोर्टवर मशीनसारखी खोटी वाचनं पाठवणारा छोटा प्रोग्रॅम दिला नाही, तर बाहेरून कोणालाच संकलनाच्या कोडला हात लावता येणार नाही. सुरक्षेतली चूक खासगीत कळवायची सोय गिटहबच्या सेटिंगमध्ये आहे, ती सुरू करा. रीडमी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असू द्या.

सगळं नको असेल तर

इतकं तपासून तिघांचं एकमत झालं नाही, तर एक तुकडा काढून बघा. अक्षरी रक्कम लिहिणारं मॉड्यूल यासाठी उत्तम आहे. १२,३७९ चं ‘बारा हजार तीनशे एकोणऐंशी रुपये फक्त’ करणारा हा कोड बिल छापणाऱ्या प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरला लागतो, त्यात धंद्याचं गुपित नाही, ग्राहकाचा डेटा नाही, मालकीचा गुंता कमी. कामही वाटतं त्यापेक्षा बारीक आहे. मराठीत १ ते ९९ चे शब्द नियमाने बनत नाहीत, तक्ताच लागतो: एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत गाडी चालते आणि ९९ ला नव्व्याण्णव येतं. १०० ला शंभर, पण १०१ ला एकशे एक. पंचाहत्तर की पंच्याहत्तर यावर लोक नक्की मत देतील, आणि पहिलं बाहेरचं योगदान बहुधा तेच असेल.

एमआयटी लायसन्स लावा, ०, १००, १०१, ९९,९९९, १,००,००० आणि पैशांसकटच्या रकमा यांच्या चाचण्या लिहा, आणि तीन महिने चालवा. किती इश्यू आले, उत्तर द्यायला किती तास गेले, ते तास तिघांपैकी कोणाचे होते, याची वहीत नोंद ठेवा. मोठ्या सॉफ्टवेअरचा निर्णय घ्यायला बसाल तेव्हा ती वही समोर ठेवा.